महामारीत गरिबाला धान्य द्यावे की पैसे, आणि यादीत नाव नसेल तर काय?

महाराष्ट्रातील गरीब घरांपर्यंत सरकारी मदत सध्या वेगवेगळ्या रूपांत पोहोचते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीतील कुटुंबांना जानेवारी २०२३ पासून रेशनचे धान्य पूर्णपणे मोफत मिळते आणि केंद्र सरकारने १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत पाच वर्षांसाठी वाढवली आहे. जुलै २०२४ पासून पात्र महिलांसाठी ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये सुरू झाले. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांच्या बाबतीत मात्र २०२३ मध्ये वेगळाच निर्णय झाला. त्यांना स्वस्त धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात द्यायचे ठरले आणि पुढच्या वर्षी ही रक्कम १७० रुपये झाली. साहजिकच, गरिबाला धान्य द्यावे की पैसे, हा वाद चावडीवर आणि विधिमंडळातही चालतो. या वादाची सर्वांत कठोर परीक्षा २०२० आणि २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात झाली. त्या दोन वर्षांत धान्य आणि पैसे या दोन्ही वाटा एकाच वेळी वापरल्या गेल्या. कोणती वाट कुठे तुटली, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या वादात नीट भाग घेता येत नाही, म्हणून ते येथे मुळापासून मांडत आहे.

‘अन्न असुरक्षितता’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे उपासमार येते, पण उपासमार ही तिची शेवटची पायरी आहे. पुरेसे आणि सकस अन्न नियमितपणे मिळेलच याची घराला शाश्वती नसणे, म्हणजे अन्न असुरक्षितता. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ती मोजण्यासाठी आठ साधे प्रश्न विचारते. पैशांअभावी अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का? सकस अन्न खाता आले नाही का? तेच ते मोजके पदार्थ खावे लागले का? एखादे जेवण टाळावे लागले का? भुकेपेक्षा कमी खावे लागले का? घरातले अन्न संपले का? भूक लागूनही खाता आले नाही का? आणि अखेरचा प्रश्न, संपूर्ण दिवस उपाशी काढावा लागला का?

या प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. घर एकदम उपाशी पडत नाही, ते एक एक पायरी उतरत जाते. आधी दूध, फळे आणि अंडी बंद होतात, मग डाळ पातळ होते, मग भाजीऐवजी चटणी किंवा मीठ-भाकरी येते आणि त्यानंतर दोन वेळचे जेवण एका वेळेवर येते. घरातील बाई बहुधा सर्वांत शेवटी जेवते, त्यामुळे तिची पायरी इतरांच्या आधी घसरते. बाहेरून पाहणाऱ्याला चूल पेटलेली दिसते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालातील सर्वेक्षणात सुमारे ९० टक्के लोकांनी टाळेबंदीत आपल्या घरातील खाणे कमी झाल्याचे सांगितले आणि २० टक्के लोकांच्या घरी सहा महिन्यांनंतरही ते पूर्ववत झालेले नव्हते. यातील बहुतेक घरे पूर्ण उपाशी नसतीलही, पण ती असुरक्षित निश्चितच होती.

देशात धान्य भरपूर असताना घरात भूक कशी?

धरण काठोकाठ भरले म्हणून टेलच्या शेताला पाणी मिळतेच असे नाही, हे महाराष्ट्रात कोणालाही सांगावे लागत नाही. कालवा फुटलेला असेल, चारी गाळाने भरलेली असेल, किंवा पाळीच्या यादीत तुमच्या गटाचे नावच नसेल, तर भरलेल्या धरणाचा तुम्हाला उपयोग शून्य. एप्रिल २०२० मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत सात कोटी टनांहून अधिक गहू आणि तांदूळ होता, म्हणजे त्या तारखेला ठेवणे आवश्यक असलेल्या साठ्याच्या तिपटीहून जास्त. त्याच महिन्यात शहरांतील मजूर अन्नछत्रांसमोर रांगा लावत होते.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हीच गोष्ट दाखवून दिली. त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य दुष्काळ न पडलेल्या १९४१ च्या तुलनेत कमी नव्हते, तरीही लक्षावधी माणसे मेली, कारण शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांची धान्य विकत घेण्याची ताकद नाहीशी झाली होती. गरीब माणूस अन्न मिळवतो ते मजुरीच्या जोरावर, आणि मजुरी बुडाली की बाजारात धान्य असूनही ते त्याचे राहत नाही.

महाराष्ट्राने हा धडा १९७२ च्या दुष्काळात प्रत्यक्ष गिरवला. पिके करपली होती, पण सरकारने रस्ते, पाझर तलाव आणि नालाबांधाची कामे काढून मजुरी दिली. मे १९७३ मध्ये या कामांवरील माणसांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती. मजुरीचे पैसे हाती आल्याने लोकांना धान्य विकत घेता आले. सुकडी आणि आयात केलेली लाल मिलो ज्वारी यांच्या आठवणी त्या पिढीच्या तोंडी आजही आहेत. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच काळात आकाराला आली.

महामारीत मात्र नेमका हाच मार्ग बंद होता. एरवीच्या दुष्काळात माणसांना एका जागी जमवून काम देता येते, तर साथीच्या रोगात माणसे जमू द्यायची नसतात. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि रोजगार हमीच्या कामांना पुन्हा परवानगी मिळाली ती २० एप्रिलनंतर. मधल्या काळात मजुरी नव्हती आणि मजुरी मिळवण्याची मुभाही नव्हती. थेट रोख रक्कम देण्याचा प्रश्न त्यामुळेच एवढ्या तीव्रतेने पुढे आला.

सरकारने काय दिले, आणि ते किती पुरले?

२६ मार्च २०२० रोजी केंद्राने १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातील प्रमुख गोष्टी अशा होत्या: अन्न सुरक्षा यादीतील सुमारे ८० कोटी लोकांना नेहमीच्या धान्याव्यतिरिक्त माणशी दरमहा ५ किलो गहू किंवा तांदूळ आणि कुटुंबामागे १ किलो डाळ मोफत, जनधन खाते असलेल्या सुमारे २० कोटी महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये, निराधार वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना दोन हप्त्यांत १,००० रुपये, उज्ज्वला योजनेतील घरांना तीन सिलिंडर, आणि शेतकऱ्यांना पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता, जो तसाही देय होता आणि फक्त लवकर दिला गेला.

आता हिशेब मांडू. ५०० रुपये पाच माणसांत आणि तीस दिवसांत वाटले, तर माणशी दिवसाला साडेतीन रुपयेही येत नाहीत. ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, आणि नेहमीचे ५ किलो धरून एकूण १० किलो म्हणजे दिवसाला सुमारे ३३३ ग्रॅम. यातून साधारण १,१५० कॅलरी मिळतात, म्हणजे हलके काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाच्या गरजेच्या निम्म्याहून थोड्या अधिक. पाच जणांच्या घरात महिन्याची १ किलो डाळ माणशी रोज सात ग्रॅमही भरत नाही. धान्याची मदत खरोखर मोठी होती आणि तिने असंख्य घरांना शेवटच्या पायरीपासून वाचवले, हे स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. रोख मदत मात्र तेल, मीठ, दूध, औषध, घरभाडे आणि मोबाइलचा रिचार्ज या सगळ्यांसाठी मिळून साडेतीन रुपयांची होती, आणि ती तीन महिन्यांनी थांबली. मोफत धान्य नोव्हेंबर २०२० पर्यंत आणि नंतर दुसऱ्या लाटेत मे २०२१ पासून पुन्हा सुरू राहिले. रोख हप्ते परत आले नाहीत.

ब्राझीलने याच काळात वेगळा मार्ग निवडला. तेथे एप्रिल २०२० पासून असंघटित कामगारांना आणि बेरोजगारांना दरमहा ६०० रियाल, म्हणजे तेथील किमान वेतनाच्या निम्म्याहून अधिक रक्कम मिळू लागली आणि एकट्या कुटुंब चालवणाऱ्या मातांना दुप्पट. सरकारी यादीत नाव नसलेल्यांना मोबाइल अ‍ॅपवरून अर्ज करता येत होता. सुमारे ६ कोटी ७० लाख लोकांना ही मदत मिळाली. तेथेही बँकांसमोर लांबलचक रांगा लागल्या आणि अपात्र लोकांनाही पैसे गेल्याचे उघड झाले. तरीही २०२० मध्ये ब्राझीलमधील गरिबी तात्पुरती घटली, आणि रक्कम कमी करून नंतर बंद केल्यावर २०२१ च्या सुरुवातीला ती पुन्हा वाढली.

खरा अडसर: यादी

माझ्या मते या सगळ्या चर्चेचा गाभा येथे आहे. धान्य असो वा पैसे, दोन्ही यादीनुसार जातात, आणि संकट आले त्या दिवशी हाती असलेली यादी जुनी होती.

धान्याच्या यादीपासून सुरुवात करू. २०१३ च्या कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकांना धान्याचा हक्क दिला, पण ही टक्केवारी २०११ च्या जनगणनेवर लावली गेली. पुढची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही. लोकसंख्या वाढली, नवी कुटुंबे झाली, मुले जन्मली, तरी एकूण आकडा तसाच राहिला. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार या एका कारणाने सुमारे १० कोटी लोक यादीबाहेर होते. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थी येतात. हा आकडा भरला की नव्या कुटुंबाला जागा तेव्हाच मिळते, जेव्हा जुने नाव कमी होते.

त्यात उत्पन्नाची अट आहे. महाराष्ट्रात या यादीत येण्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपयांच्या आत असावे लागते. शहरातील मर्यादा महिन्याला पाच हजारांच्याही खाली येते. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि तिचा बिगारी नवरा ही रेषा सहज ओलांडतात, आणि टाळेबंदीच्या दिवशी दोघांचीही कमाई शून्य होते. ‘लाडकी बहीण’साठी हेच राज्य अडीच लाखांची मर्यादा मान्य करते, हे लक्षात घेतले तर धान्याची रेषा किती खाली आखलेली आहे ते कळते. या रेषेच्या वरच्या केशरी कार्डवाल्या सुमारे ३ कोटी लोकांना केंद्राच्या मोफत धान्यात जागा नव्हती. राज्य सरकारने त्यांच्यासाठी मे आणि जून २०२० मध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने दिला. निर्णय योग्य होता, पण तो टाळेबंदी सुरू होऊन महिना उलटल्यावर अमलात आला आणि हे धान्य खिसा रिकामा असलेल्या माणसाला विकत घ्यायचे होते.

स्थलांतरित मजुरांची अडचण आणखी वेगळी होती. त्यांच्यापैकी अनेकांचे नाव यादीत होते, पण गावच्या दुकानाच्या. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा जोड्यांपासून सुरू झाली होती. मुंबई-ठाण्यात ज्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून सर्वाधिक मजूर येतात, ती राज्ये तिच्यात मे २०२० मध्ये आली, तोवर माणसे महामार्गावरून चालू लागली होती. केंद्राने मेच्या मध्यावर शिधापत्रिका नसलेल्या ८ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांचे धान्य जाहीर केले, तेव्हा त्यांच्यापैकी कित्येक जण शहरात उरलेच नव्हते.

पैशांच्या यादीची कथाही अशीच आहे. जनधन खाते ही गरिबीची खूण नाही. अनेक गरीब घरांत खाते नवऱ्याच्या नावे होते, किंवा बाईचे खाते साधे बचत खाते होते, आणि अशी घरे वगळली गेली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांच्या वेळी महाराष्ट्राने ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात बांधकाम कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये आणि खावटी योजनेतील (पोटापाण्यासाठी अनुदान मिळणाऱ्या) आदिवासी कुटुंबांना २,००० रुपये होते. शिवभोजन थाळी, जी पहिल्या टाळेबंदीत १० वरून ५ रुपयांवर आणली होती, ती या वेळी मोफत झाली. कामगारांच्या आधी लावलेला ‘नोंदणीकृत’ हा शब्द मात्र या यादीतही निर्णायक होता. नाक्यावर उभा राहून रोजचे काम शोधणारा मजूर नोंदणी करणार तरी कोणत्या मालकाच्या दाखल्यावर? शिवभोजनाला मात्र कोणताही कागद लागत नव्हता. रकमेने लहान असूनही ही योजना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

मग धान्य चांगले की पैसे?

दोन्हींचे गुण वेगळे आहेत. महागाई वाढली तरी ५ किलो गहू ५ किलोच राहतो. पैशांचे तसे नाही. १४ जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना मिळणारे १७० रुपये म्हणजे ५ किलोसाठी किलोमागे ३४ रुपये, आणि बाजारातील धान्य त्याहून महागले की फरक शेतकऱ्याच्या खिशातून जातो. दुसरीकडे, धान्याने औषध येत नाही आणि घरभाडे फिटत नाही. रेशनचे दुकान बहुधा गावात असते, बँक मात्र तालुक्याच्या गावी. टाळेबंदीत एसटी बंद असताना ५०० रुपये काढायला जाणे सोपे नव्हते. एप्रिल २०२० मध्ये गर्दी टाळण्यासाठी बँकांना खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस वाटून द्यावे लागले.

रक्कम लहान आणि वाट लांब असेल तर काय होते, याचे उदाहरण २०२१ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या शाळांनी पाहिले. उन्हाळी सुटीतील पोषण आहाराचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करायचे ठरले. पहिली ते पाचवीसाठी ही रक्कम सुमारे १५६ रुपये आणि सहावी ते आठवीसाठी सुमारे २३४ रुपये होती. त्यासाठी प्रत्येक मुलाचे बँक खाते हवे, आणि खाते उघडायला आधार, फोटो, बँकेच्या फेऱ्या आणि अनेक ठिकाणी किमान शिल्लक हवी. १५६ रुपयांसाठी पालकाची एक दिवसाची मजुरी बुडत असेल, तर ती मदत मुलाच्या ताटापर्यंत पोहोचते असे म्हणता येणार नाही.

माझे मत असे आहे की भारतासारख्या देशात संकटाच्या पहिल्या आठवड्यात धान्य आणि शिजवलेले अन्न द्यावे, कारण त्याची दुकाने आणि गोदामे तयार आहेत. आणि त्यासोबत, त्याऐवजी नव्हे, अर्थपूर्ण रोख रक्कम द्यावी.

‘पैसे दिले तर दारूत जातील’

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी २०१४ मध्ये जागतिक बँकेसाठी अनेक देशांतील अशा अभ्यासांचा आढावा घेतला. रोख मदतीमुळे दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढतो, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आपल्याकडचे जनधनचे हप्ते तर महिलांच्या खात्यात आले होते, आणि पहिला हप्ता आला तेव्हा दारूची दुकाने टाळेबंदीमुळे बंद होती. एखादे घर पैसे चुकीचे खर्च करते हे खरे असले, तरी त्या घरासाठी शेजारच्या दहा घरांची मदत रोखणे न्याय्य नाही.

‘फुकट मिळाले की लोक काम सोडतात’

टाळेबंदीत काम करणे हाच गुन्हा होता, तेव्हा हा आक्षेप त्या काळाला लागूच पडत नाही. कामे सुरू झाल्यावर काय झाले, हे रोजगार हमीचे आकडे सांगतात. २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले, जो त्या वेळेपर्यंतचा उच्चांक होता. मोफत धान्य मिळत असतानाच लोक उन्हात खड्डे खणायला आले होते.

‘एवढे पैसे आणायचे कोठून?’

जनधनच्या तिन्ही हप्त्यांचा एकूण खर्च सुमारे ३१,००० कोटी रुपये होता. त्या वेळी देशाचे वार्षिक उत्पन्न सुमारे २०० लाख कोटी रुपये होते, म्हणजे हा खर्च त्याच्या ०.१६ टक्क्यांच्या आसपास येतो. हप्ता तिप्पट केला असता तरी तो अर्ध्या टक्क्याच्या आतच राहिला असता. गरिबाच्या हाती गेलेला पैसा किराणा दुकानात आणि भाजीबाजारात लगेच खर्च होतो, त्यामुळे ठप्प झालेल्या बाजारालाही त्याचा आधार मिळतो.

अपात्र माणसाला लाभ मिळण्याची भीतीही रास्त आहे, आणि एरवीच्या काळात यादी काटेकोर तपासलीच पाहिजे. संकटात मात्र दोन चुकांतून एक निवडावी लागते: गरज नसलेल्याला धान्य जाणे किंवा गरज असलेला उपाशी राहणे. पहिली चूक नंतर वसुलीने दुरुस्त करता येते.

कायदा काय सांगतो, आणि आता कुठे उभे आहोत?

अन्न सुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात एक तरतूद आहे, जी फार कमी लोकांना माहीत असते. पात्र व्यक्तीला तिच्या हक्काचे धान्य मिळाले नाही, तर राज्य सरकारने तिला ‘अन्न सुरक्षा भत्ता’, म्हणजे रोख भरपाई द्यायची असते. धान्य आणि पैसे हे एकमेकांचे शत्रू नाहीत, हे कायद्याने आधीच मान्य केलेले आहे. फक्त हा भत्ताही यादीत नाव असणाऱ्यालाच मिळतो.

यादीबाहेरच्यांसाठी सर्वोच्च न्यायालयात स्थलांतरित मजुरांचे प्रकरण चालले. २९ जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ३१ जुलैपर्यंत सर्व राज्यांत लागू करण्याचा, मजुरांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवण्याचा आणि असंघटित कामगारांची नोंदणी सुरू करण्याचा आदेश दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल आले आणि त्यावर आजवर ३० कोटींहून अधिक कामगारांनी नाव नोंदवले आहे. ही नावे रेशनच्या यादीशी ताडून पाहिली, तेव्हा सुमारे ८ कोटी लोकांकडे शिधापत्रिकाच नसल्याचे दिसले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की, कायद्यातील कमाल मर्यादेचे कारण पुढे न करता या लोकांना शिधापत्रिका द्याव्यात. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत महाराष्ट्राचा आकडा ७ कोटींच्या आसपासच राहणार असल्याने, शहरी उत्पन्नमर्यादा ५९,००० रुपयांवरून वाढवणे, त्यामुळे येणारी नवी नावे राज्याच्या खर्चाने सामावून घेणे आणि ई-श्रमवरील नोंदणीकृत मजुरांना अर्जाशिवाय शिधापत्रिका देणे, एवढ्या तीन गोष्टी राज्य सरकार जनगणनेची वाट न पाहता आजही करू शकते.